गॉथिक भयकथा आणि कविता: भीती वाटत नाहीये, वाचण्यात कुठे चुकतंय?

कंदील

आमचा आठ जणांचा वाचनगट आहे. धारप आणि मतकरी सगळ्यांचे वाचून झालेत, म्हणून यंदा इंग्रजीतल्या जुन्या गॉथिक, म्हणजे जुने वाडे-किल्ले आणि गूढ सावट असलेल्या, भयसाहित्याकडे वळलो. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास बसतो, एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात.

मुळापासून जावं म्हणून वॉल्पोलच्या १७६४ च्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'ने सुरुवात केली, पुढे 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' घेतली. पहिलीला सगळे हसले. दुसरी तिसऱ्या खंडात अडकली ती अडकलीच. मध्ये बदल म्हणून एडगर अॅलन पोची 'द रेव्हन' ही कविता घेतली, तर ती चक्क बडबडगीतासारखी वाटायला लागली. आता 'फ्रँकेन्स्टाइन' घ्यायची आहे, पण दोघांच्या प्रतींमधली प्रकरणंच जुळत नाहीत.

तर विचारायचं आहे ते हे: कुठल्या क्रमाने जावं, 'रेव्हन' कशी वाचावी आणि 'फ्रँकेन्स्टाइन'ची कुठली प्रत घ्यावी? ज्यांनी हे साहित्य मुरवून वाचलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

वळचण

कंदील, तुमची गफलत क्रमात आहे. साहित्याचा इतिहास शिकायचा असेल तर वॉल्पोलपासून सुरुवात ठीक. भीती अनुभवायची असेल तर तो दरवाजा चुकीचा.

'ओट्रँटो'त अगदी सुरुवातीलाच एक अजस्र शिरस्त्राण कोसळतं आणि लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा त्याखाली चिरडला जातो. आपल्या रसविचारात हे बसवून पाहा. हा अद्भुत रस आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय. भयानक रस त्याच्या आसपास घुटमळतो, पण मुख्य नाही. तुमच्या गटातले लोक हसले यात त्यांचं काही चुकलं नाही, विस्मयाचा डोस जास्त झाला की हसू येतंच. शिवाय पहिल्या आवृत्तीवर वॉल्पोलचं नाव नव्हतं. जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून ती बाजारात आली. दुसऱ्या आवृत्तीत, १७६५ मध्ये, त्याने आपणच लेखक असल्याचं मान्य केलं आणि 'गॉथिक' हा शब्द कथेला जोडला. पहिल्या वाचकांना 'हे खरंच जुनं असेल तर?' असा जो संशय होता, तो आपल्याकडे उरलेलाच नाही.

'उडॉल्फो'चं दुखणं वेगळं. १७९४ ची चार खंडांची कादंबरी. दुसऱ्या खंडात नायिका एमिली काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं ते वाचकाला कळतं थेट चौथ्या खंडाच्या अखेरीस. तुम्ही तिसऱ्यात थांबलात, म्हणजे वाट पाहण्याचं सगळं ओझं वाहिलं आणि मुक्कामाला पोचलाच नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा वाचायचं ते पुस्तकच नव्हे. एकट्याने, पावसाळ्यात, सलग वाचायचं.

'उडॉल्फो'च्या लेखिका रॅडक्लिफ बाईंचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी 'टेरर' आणि 'हॉरर' असे दोन भाग पाडलेत. पहिल्याने मन विस्तारतं, जाणिवा जाग्या होतात. दुसऱ्याने मन आकसतं, गोठतं. आपल्याकडे भयानक आणि बीभत्स यांच्यात जो फरक केलाय तो याच्या बराच जवळ जातो, तंतोतंत नाही. मी मराठीत 'धास्ती' आणि 'शिसारी' म्हणेन. जुनं गॉथिक बहुतांशी धास्तीवर चालतं आणि धास्तीला लागते सलगता. वाचन तोडलं की ती विरते. म्हणून तुमच्या दीड तासात जे संपेल तेच आधी घ्या.

माझा क्रम असा. पहिल्या बैठकीला पोच्या दोन छोट्या कथा, 'द टेल-टेल हार्ट' आणि 'द मास्क ऑफ द रेड डेथ'. दोन्ही दोन-अडीच हजार शब्दांच्या, एकेकीला पंधरा ते वीस मिनिटं. दुसऱ्या बैठकीला फक्त 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर', जवळजवळ तासभर जातो. तिसरीला कविता. चौथी आणि पाचवी 'कार्मिला', सोळा प्रकरणं आहेत, आठ-आठ करा. सहावीला 'द यलो वॉलपेपर'. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' गटात सबंध वाचायचा हट्ट नको. त्यातले निवडक भाग मोठ्याने, बाकी घरी.

'टेल-टेल हार्ट' बहुतेक जण एकाच ठिकाणी बिघडवतात: पहिल्या वाक्यापासून वेड्यासारखा आवाज काढतात. निवेदक स्वतः सांगतोय की बघा, मी किती शांतपणे सांगतो. तेव्हा शांतच वाचा, एखादा कारकून हिशेब देतो तसं. सात रात्री म्हाताऱ्याचा डोळा मिटलेला, आठव्या रात्री कंदिलाच्या कडीवरून अंगठा निसटतो, मग तो तासभर हलत नाही. त्या जागी वाचणाऱ्यानेही खरंच थांबावं, तीन-चार सेकंद. आवाज चढवायचा तो पोलीस खुर्च्यांवर बसल्यानंतर. आधीच चढवलात तर शेवटी चढायला जागाच उरत नाही.

'रेड डेथ'मध्ये सात दालनं आहेत: निळं, जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, व्हायोलेट आणि शेवटचं काळं, ज्याच्या काचा मात्र लाल. दर वीस-तीस यार्डांवर वळण असल्याने एका वेळी एकच दालन दिसतं. ऐकणाऱ्याला हा नकाशा डोक्यात लागतो, म्हणून हा परिच्छेद अजिबात घाईने वाचू नका. शेवटचा पाठलाग याच क्रमाने होतो आणि नकाशा हरवला असेल तर तो नुसता धावपळीसारखा वाटतो.

'अशर'साठी दोन वाचक घ्या. शेवटच्या वादळी रात्री निवेदक घराचा मालक रॉडरिक याला एक जुनी शौर्यकथा वाचून दाखवतो आणि कथेतला प्रत्येक आवाज घरात कुठूनतरी खरा ऐकू येतो: दार फोडल्याचा, अजगरी राक्षसाच्या किंकाळीचा, ढाल पडल्याचा. आतली कथा दुसऱ्या आवाजात आली की ही जुळणी ऐकणाऱ्याला आपोआप कळते. एकाच आवाजात वाचलं तर निम्म्यांना कळतच नाही काय चाललंय ते. आणखी एक. रॉडरिकच्या बहिणीला, मॅडलिनला, ठेवलेलं तळघर निवेदकाच्या झोपायच्या खोलीच्या थेट खाली आहे आणि तिथल्या जमिनीच्या काही भागाला आणि तिथे जाणाऱ्या वाटेला तांब्याचा पत्रा मारलेला आहे. ही माहिती पो जाताजाता देतो. ती ठळक ऐकू जायला हवी, कारण पुढचा धातूचा घणघणाट तिच्यावरच उभा आहे. घराच्या छपरापासून तळ्यापर्यंत गेलेल्या बारीक तड्याचंही तसंच. सुरुवातीला एकदाच येतो, पुन्हा थेट शेवटी.

उत्तररात्र

वळचण यांच्या क्रमाशी सहमत. मी फक्त 'रेव्हन'वर लिहितो, कारण बडबडगीत होण्याचं कारण छंदात दडलंय.

कविता पहिल्यांदा २९ जानेवारी १८४५ ला न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग मिरर'मध्ये आली. कडवी १८, प्रत्येकात सहा ओळी, एकूण १०८. ओळ जोड्यांनी बनते, जोडीतलं पहिलं अक्षर जोराचं, दुसरं हलकं. अक्षर म्हणजे इथे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, लिपीतलं अक्षर नव्हे. पहिली ओळ तोडून पाहा:

वन्स अ / पॉन अ / मिड नाइट / ड्रिअ री / व्हाइल आय / पाँ डर्ड / वीक अँड / विअ री

आठ जोड्या, सोळा अक्षरं. पहिली आणि तिसरी ओळ अशी पूर्ण भरलेली. दुसरी, चौथी, पाचवी यांचं शेवटचं हलकं अक्षर गाळलेलं, म्हणून पंधरा, आणि त्या तिन्ही 'ओर'वर आपटून थांबतात. सहावी फक्त सात अक्षरांची, तीही 'ओर'वर. शिवाय पहिल्या ओळीच्या मध्यावर आणि शेवटी यमक. तिसऱ्या ओळीत तसंच, आणि तिसरीचं यमक चौथीच्या मध्यावर तिसऱ्यांदा येतं.

आता आपली अडचण. मराठी कानाला पादाकुलकाची आठ-आठ मात्रांची चाल पाठ आहे. सोळा दिसले की जीभ त्या चालीत शिरते, दीर्घ स्वर लांबवते आणि गाणं सुरू होतं. इथे मात्रा मोजायच्याच नाहीत, जोर मोजायचा, आणि तोही मुद्दाम द्यायचा नाही. शब्द नीट उच्चारले की तो आपोआप पडतो.

ओळीच्या मध्यावरचं यमक ठोकू नका. तिसऱ्या कडव्यात 'बीटिंग' आणि 'रिपीटिंग' असं यमक आहे, पण वाक्य आहे 'बीटिंग ऑफ माय हार्ट'. 'बीटिंग'पाशी थांबलात तर अर्थ तुटतो आणि नुसता ठेका उरतो. दुसऱ्या कडव्यात तर वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं: 'बॉरो'वर ओळ संपते, अर्थ पुढच्या 'फ्रॉम माय बुक्स'मध्ये. तिथे श्वास घ्यायचा नाही. थांबायचं ते अर्थ संपेल तिथे. एवढं पाळलं तरी बडबडगीतपणा बहुतांश जातो.

सहावी ओळ अर्धी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीचा वेळ शांततेला द्यायचा आहे. चार ठोके मनात मोजा, मगच पुढचं कडवं. या कवितेतली भीती त्या चार ठोक्यांत आहे. बहुतेक लोक ते गिळून टाकतात.

आणि पक्ष्याचा आवाज, म्हणजे शोकात बसलेल्या माणसाच्या खोलीत शिरलेल्या रेव्हनचा. पहिली सात कडवी 'मोर' किंवा 'एव्हरमोर'वर संपतात. आठव्यापासून पुढची अकराही 'नेव्हरमोर'वर, म्हणजे 'आता कधीच नाही'वर. ऐकणाऱ्यावर परिणाम व्हावा म्हणून वाचक प्रत्येक वेळी जास्त घोगरा, जास्त भेसूर आवाज काढतात. उलट करा. पक्ष्याला एकच शब्द येतो, त्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही, म्हणून तो शब्द दर वेळी सपाट आणि सारखाच यायला हवा. बदलतो तो माणूस. आठव्या कडव्यात त्याला हसू येतं. तेराव्यापर्यंत तो खुर्ची ओढून विचार करत बसलेला असतो. चौदाव्यापासून तो असे प्रश्न विचारू लागतो ज्यांचं उत्तर त्याला आधीच माहीत आहे: दुःखावर औषध आहे का, त्याची गेलेली प्रेयसी लेनोर परलोकात भेटेल का. पोने १८४६ च्या निबंधात हे स्पष्ट लिहिलंय की तो माणूस स्वतःला यातना देण्यासाठीच विचारतो. त्या निबंधातला 'मी सगळं गणितासारखं रचलं' हा दावा अभ्यासक शब्दशः घेत नाहीत, मीही घेत नाही, पण वाचकाला दिशा म्हणून हा धागा सोन्यासारखा आहे. सतरावं कडवं सगळ्यात मोठ्या आवाजात. अठराव्यात काळ बदलतो, भूतकाळ संपून वर्तमान सुरू होतो, पक्षी अजून तिथेच बसलाय. ते जवळजवळ कुजबुजत.

सगळं मिळून आठ-नऊ मिनिटं लागायला हवीत. सहा मिनिटांत संपली तर ठोके गिळले गेले असं समजा.

एक गोष्ट मराठी वाचकापुरती. रेव्हन हा आपल्या डोमकावळ्याचा थोराड भाऊबंद. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, आता सुटका झाली असं मानतात. सगळे त्याची वाट पाहत उभे असतात. पोच्या कवितेत मेलेल्या बाईच्या शोकात बसलेल्या माणसाकडे कावळा न बोलावता येतो आणि सुटका नाही असं सांगत राहतो. हा अर्थ पोच्या मनात असण्याचं कारण नाही, पण तो आपल्याला फुकट मिळालाय, तर मनात ठेवूनच ऐका.

पडवी

वळचण, 'तिसरीला कविता' एवढ्या एका वाक्यात कविता उरकल्यात, ते पटलं नाही. 'रेव्हन'सोबत कोलरिजच्या 'ख्रिस्ताबेल' या दीर्घ कवितेचा पहिला भाग जरूर घ्या, आणि तो 'रेव्हन'च्या आधी घ्या.

पहिला भाग १७९७ चा, दुसरा १८०० चा, छापली गेली १८१६ मध्ये, तीही अपुरीच. जून १८१६ मध्ये जिनिव्हाजवळच्या व्हिला दिओदातीत बायरनने यातल्या ओळी म्हटल्या तेव्हा कवी शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, अशी नोंद बायरनचा डॉक्टर पोलिदोरी याच्या डायरीत आहे. त्याच उन्हाळ्यात तिथे मेरी शेलींची 'फ्रँकेन्स्टाइन' सुरू झाली, आणि पोलिदोरीच्या 'द व्हँपायर'चं बीजही तिथलंच. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटल्याने युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही, सतत पाऊस, म्हणून ही मंडळी घरात कोंडलेली होती.

छंदाचं कोलरिजने प्रस्तावनेत सांगितलंय: ओळीतली अक्षरं सात ते बारा, कितीही असोत, जोर चारच. म्हणजे 'रेव्हन'च्या बरोबर उलट. तिथे चौकट घट्ट, इथे सैल. आधी सैल ऐकली की घट्ट चौकटीची कोंडी जास्त जाणवते.

ऐकताना खुणा पकडा. कवी कुठेच सांगत नाही की ख्रिस्ताबेलला भेटलेली अनोळखी बाई, जेराल्डिन, कोण आहे. ती दारापाशी कोसळते, ख्रिस्ताबेलला तिला उचलून उंबरठा ओलांडून आणावं लागतं. आत आल्यावर प्रार्थना करायची वेळ येते तेव्हा ती थकल्याचं कारण देते. म्हातारी कुत्री झोपेतच कण्हते. विझत आलेला जाळ जेराल्डिन जवळून जाताना भडकतो. चार खुणा, खुलासा एकही नाही. उंबरठ्याचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. पुढे 'कार्मिला' वाचाल तेव्हा हीच रचना गद्यात पुन्हा भेटेल: अनोळखी पाहुणी, आईविना वाढलेली मुलगी, भाबडा बाप. म्हणून 'कार्मिला'च्या आधी 'ख्रिस्ताबेल' हवीच.

'ड्रॅक्युला'बद्दल एक सावधगिरी. डायऱ्या आणि पत्रांतून सांगितलेली ही कादंबरी हल्ली तारखेनुसार वाचायची पद्धत निघाली आहे: ३ मेची नोंद ३ मेला, असं नोव्हेंबरपर्यंत. गंमत येते, पण पहिल्या वाचनाला नको. पुस्तकात पहिली चार प्रकरणं फक्त ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या हार्करची डायरी आहे, ती ३० जूनला तुटते आणि पाचवं प्रकरण उघडतं ते त्याची वाग्दत्त वधू मीना हिच्या ९ मेच्या पत्राने. हार्करचं काय झालं हे टांगून ठेवून लेखक स्टोकर आपल्याला मागे नेतो. मीना लग्नाच्या, टंकलेखनाच्या गोष्टी लिहिते आणि आपल्याला ठाऊक असतं की तो कुठे अडकलाय. तारखेनुसार वाचलं तर ही पत्रं मधेमधे विखुरतात आणि ती टांगणी नाहीशी होते. गटात मोठ्याने वाचायला पहिली चार प्रकरणं आणि सातव्यातली 'डिमीटर' जहाजाची नोंदवही. नोंदवहीत खलाशी एकेक करून नाहीसे होतात, कप्तान कोरड्या भाषेत लिहीत राहतो. तेही कोरडंच वाचा.

जुनी_पेटी

'फ्रँकेन्स्टाइन'च्या प्रतींचं उत्तर सोपं आहे. पुस्तकाच्या दोन मुख्य संहिता आहेत. १ जानेवारी १८१८ ची पहिली, लेखिकेचं नाव न घालता, तीन खंडांत. प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून. दुसरी १८३१ ची, मेरी शेलींनी सुधारलेली, एकाच खंडात सलग चोवीस प्रकरणं. तुमच्या दोघांकडे एकेक असणार. ओळखायची खूण: एलिझाबेथ ही नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण असेल तर १८१८, इटलीत एका गरीब कुटुंबाकडे सापडलेली अनाथ मुलगी असेल तर १८३१. मेरी शेलींची, त्या उन्हाळ्याची हकीकत सांगणारी प्रस्तावनाही १८३१ चीच.

गटासाठी मी १८१८ सुचवेन. त्यात व्हिक्टर स्वतः निवड करतो आणि चुकतो. १८३१ मध्ये तो नशिबाला जास्त बोल लावतो, त्यामुळे त्याच्यावरचा राग बोथट होतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर दोन्ही मोफत आहेत, उतरवताना वर्ष तपासा म्हणजे झालं. मोठ्याने वाचायला घ्यायचा तो व्हिक्टरने बनवलेल्या प्राण्याने स्वतः सांगितलेला भाग: १८१८ मध्ये दुसऱ्या खंडाचं तिसरं ते आठवं प्रकरण, १८३१ मध्ये अकरा ते सोळा. आणि आधीच सगळ्यांना सांगून ठेवा की फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव. त्या प्राण्याला नावच दिलेलं नाही आणि त्याचं अर्धं दुःख तेच आहे.

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरली. एकच शंका उरली. वाचताना अवघड शब्द आला की कुणीतरी थांबवून अर्थ विचारतं आणि सगळं विस्कटतं. मराठी भाषांतर करून वाचलं तर?

उत्तररात्र

'अशर'सारख्या कथांचं भाषांतर चालेल, 'रेव्हन'चं मोठ्याने वाचण्यासाठी नको. 'नेव्हरमोर'मधला लांब 'ओ' आणि त्यामागचा 'र' हीच त्या कवितेची घंटा आहे. 'कधीच नाही' म्हटलं की अर्थ येतो, नाद जातो. शिवाय प्रत्येक कडव्याच्या चार ओळी त्याच नादावर संपतात, मराठीत अठरा कडवी तसं यमक जुळवायला गेलं की शब्द ओढूनताणून येतात.

थांबवाथांबवीला उपाय असा. वाचायच्या आधी पाच मिनिटं शब्द सांगून टाकायचे, दहाच्या वर नाही, आणि वाचन सुरू झालं की कुणी विचारायचं नाही. 'रेव्हन'साठी एवढे पुरतात: पॅलस म्हणजे अथीना, पक्षी तिच्या अर्धपुतळ्यावर बसतो, म्हणजे विद्येच्या देवतेच्या डोक्यावर. प्लुटोनियन म्हणजे पाताळाच्या देवाचं. नेपेंथी हे ग्रीक काव्यातलं दुःख विसरायला लावणारं औषध. गिलियडचं बाम बायबलमधलं, जखमेवरचा मलम. एडन म्हणजे स्वर्गातली बाग. 'अशर'साठी टार्न म्हणजे डोंगरातलं लहान, काळ्या पाण्याचं तळं, आणि कॅटलेप्सी म्हणजे अंग ताठरून माणूस मेल्यासारखा निपचित पडतो तो विकार. हा शेवटचा शब्द आधी सांगितल्याने रहस्य फुटेल अशी भीती वाटेल, पण पो स्वतःच तो आजार अर्ध्या कथेच्या आत सांगून ठेवतो. शब्द कळलेला असेल तर मॅडलिनला तळघरात नेताना तिच्या गालावरच्या फिकट लालीचा उल्लेख येतो, तेव्हाच अंगावर काटा येतो. न कळलेला असेल तर ते वाक्य नुसतं कानावरून जातं.